हाताची सही

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी इरूच्या पाठीला मलम लावत होते. फोन माझ्या लेकीनं, मैत्रेयीनं घेतला. दोन मिनिटं नुसतं ‘हो सर, हो सर’ चाललं होतं, आणि मग ती ओट्याला धरून रडायलाच लागली.

“आई, सापडली! तुझी कुपी सापडली. रोल नंबर एकतीस. आणि जिवंत आहे म्हणे!”

तिची सहा वर्षांची इरू पालथी पडल्यापडल्या म्हणाली, “म्हणजे आता मला वेण्या येणार?”

“येणार. दोन येणार,” असं म्हणून मैत्रेयी माझ्या गळ्यात पडली. माझा मलमाचा हात तिच्या कुर्त्याला लागला, तरी ती काही बोलली नाही. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

मी हसले खरी. त्या कुपीवर नाव माझं होतं, शर्वरी खटावकर. पण आत जे होतं ते माझं नव्हतं. ही गोष्ट त्रेचाळीस वर्षं जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातली दुसरी कुठे आहे याचा मला पत्ता नव्हता.

कोरडीची कथा आता सगळ्यांना पाठ झाली आहे. पण मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपल्या कातडीवर जंतू राहतात, कोट्यवधी. ते घाण म्हणून नसतात, जुने भाडेकरू म्हणून असतात. बाळ जन्मलं की आईच्या अंगावरचे जंतू त्याच्या अंगावर येतात आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाचं शरीर त्यांची ओळख करून घेतं. हे आपले, यांच्याशी भांडायचं नाही. कशाशी लढायचं आणि कशाशी नाही, हे शरीर असं शिकतं.

दोन हजार तेहेतीसच्या साथीत पापुद्रा आला. अंगावर फवारला की सायीसारखा पातळ थर बसायचा आणि त्यातले बारीक विषाणू कातडीवरचे जिवाणू हुडकून मारायचे. त्यानं लाखो माणसं वाचवली, मीही त्यातलीच, तेव्हा पापुद्र्याला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पण साथ गेल्यावरही आपण चार वर्षं तो फवारतच राहिलो. शाळेत, ऑफिसात, एसटीत चढताना. साथीच्या जंतूंबरोबर घरचेही गेले. त्यांच्या जागी आले ते भटके, आज हे तर उद्या ते. मोठ्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते त्यानंतर जन्मलेल्या पोरांचं, कारण त्यांच्या आयांकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. ओळखीचं कुणी न भेटलेली ती शरीरं आपल्याच कातडीशी भांडायला लागली. लोकांनी त्या रोगाला कोरडी हे नाव दिलं.

इरूची कोरडी डोक्यात सर्वांत जास्त. केस बोटभर वाढले की मुळाशी भेगा पडतात, रक्त येतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी तिचं डोकं भादरायचं. वर्गातल्या मुली रिबिनी बांधून येतात आणि ही टोपी घालून जाते. एकदा तिनं माझ्या लोकरीच्या गुंड्यातून दोन लांब धागे काढून टोपीच्या आत चिकटवले होते. मी पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

उपाय एकच होता, रुजवण. घराण्याच्या कातडीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले जंतू, म्हणजे आईचे किंवा आईच्या आईचे, पापुद्र्याआधीचे, कुठे जिवंत सापडले तर ते पोराच्या अंगावर रुजवायचे. शरीर त्यांना आत घेतं. परक्याचे लावले तर मात्र शरीर खवळतं, आणि एकदा खवळलं की खऱ्यांनाही थारा देत नाही. संधी एकदाच.

आता पंधरा वर्षांपूर्वीचे जंतू कोण जपून ठेवणार? आमच्या हर्डीकर मॅडम. त्यांनी त्याहूनही जुने ठेवले होते.

दोन हजार चार साली मी कराडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. सांगलीहून आलेली, बोर्डात नंबर काढलेली आणि त्याची मिजास नाकावर घेऊन हिंडणारी. हॉस्टेलवर माझ्या खोलीत गडहिंग्लजची वैजयंता पोवार होती. गडहिंग्लजकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी तिला हसले. दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांसाठी कापसाची बुचं वळायची होती. माझी बुचं एक तर नळीत पडायची नाही तर शिरायचीच नाहीत. वैजूनं घरी देवासाठी हजारो वाती वळलेल्या. तिनं माझीही बुचं वळून दिली, आणि माझं हसणं बंद झालं.

ती प्रयोगशाळा अजून माझ्या नाकात आहे. जंतू वाढवायच्या अगार-जेलीच्या पातेल्याचा खिमटासारखा वास, निर्जंतुक करायच्या कुकरची वाफ, बर्नरची निळी ज्योत आणि तीत लालबुंद होणारी तारेची कडी. जंतू रंगवायच्या जांभळ्या रंगानं बोटं आठवडाभर जांभळी राहायची आणि मेसमध्ये त्या बोटांनी भाकरी मोडताना आम्हाला फार मोठं काही तरी झाल्यासारखं वाटायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा द्राक्षांच्या घोसासारखे जिवाणू दिसले तेव्हा वैजू ओरडली होती, “आगं, हे माझ्या नाकातलं हाय!” सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पोवार, हेच पहिलं शहाणपण.”

मॅडमची एक प्रथा होती, हाताची सही. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकानं अगारच्या प्लेटवर उजव्या हाताची पाच बोटं टेकवायची. दुसऱ्या दिवशी त्या ठशांवर जंतूंच्या वसाहती उगवायच्या, पांढरे पिवळे ठिपके. मग मॅडम ते सगळं पीक दुधात कालवून गोठवत, सुकवत आणि काचेच्या कुपीत बंद करून वर नाव-नंबर घालत. विभागाला कुणी तरी गोठवून सुकवायचं यंत्र देणगी दिलं होतं आणि ते वापरायला दुसरं काही नव्हतं, असं आम्ही म्हणायचो. मॅडम म्हणायच्या, “तुम्ही सगळे जाल. हात इथे ठेवून जा.” कुप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या.

सहीच्या आदल्या दिवशी मॅडमनी बजावलं होतं, “उद्या सकाळपासून हात धुऊ नका.” मी तेव्हा पुढच्या बाकावर बसून पुढचा धडा वाचत होते, कारण मागचा मला येत होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर मी रोजच्यासारखे स्पिरिटनं हात पुसले. दोन वेळा पुसले. बोटं प्लेटवर टेकवली आणि मग शेजारच्या पोरींचे मळके हात पाहून माझ्या लक्षात आलं.

माझी प्लेट कोरी राहणार होती. मॅडम प्लेटा मोजून ओतायच्या, दुसरी मिळाली नसती. खरं सांगितलं असतं तर फार तर टोमणा मिळाला असता. पण बोर्डात नंबर काढलेल्या पोरीला चाळीस जणांसमोर टोमणा! माझे डोळे भरून आले. वैजूनं इकडेतिकडे पाहिलं, माझी प्लेट ओढली आणि माझ्याच ठशांवर आपली पाच बोटं टेकवून परत सरकवली.

“गप बस,” ती म्हणाली. “मला हात दोन हाईत.”

दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांत घनदाट सही माझी होती. मॅडमनी ती सगळ्यांना दाखवली. वैजू माझ्याकडे बघून डोळा मारत होती, आणि मी मात्र मान वर केली नाही.

सेकंड इयरनंतर वैजूचं लग्न ठरलं. पत्रिकेवर तिनं लिहिलं होतं, ‘शरे, आली न्हाईस तर बघ.’ मी प्रॅक्टिकल आहे म्हणून कळवलं. प्रॅक्टिकल नव्हतं. मला तेव्हा पहिला नंबर काढायचा होता आणि पहिला नंबर काढणाऱ्यांना मैत्रिणींच्या लग्नाला जायला वेळ नसतो, असं मला वाटायचं. नंबर आला. पत्रं थांबली.

रुजवण केंद्राची प्रमुख फातिमा मणेर ही माझीच विद्यार्थिनी. मैत्रेयी आणि मी केंद्रात गेलो तेव्हा कुपी टेबलावर होती. करंगळीएवढी काच, आत मळकट पांढरी पूड, आणि मॅडमच्या तिरप्या अक्षरात माझं नाव.

“यातली चिमूटभर पूड आम्ही उगवून पाहिली,” फातिमा म्हणाली. “सुंदर उगवली. पण मॅडम, एक अडचण असते. हे तुमचेच जंतू आहेत हे यंत्र सांगू शकत नाही. ते कुठल्याही जंतूचं वाण ओळखतं, अगदी मेलेल्याचंसुद्धा, पण तुलनेला तुमचं जुनं काही तरी हवं. तुमच्या आजच्या कातडीवर जुनं काहीच उरलेलं नाही. म्हणून कुपीवरचं नाव आणि तुमचं हे निवेदन, एवढाच पुरावा. इथे सही करा.”

निवेदनात एकच वाक्य होतं. या कुपीतले जंतू माझ्या स्वतःच्या हाताचे आहेत.

मैत्रेयीनं पेन माझ्या हातात दिलं. खरं सांगते, त्या क्षणी मनात आलंच. कुणाला कळणार आहे? कदाचित रुजेलही. पण मग इरूची भेगाळलेली टाळू डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यावर परक्याचे जंतू सोडणारा हात माझा असणार होता. मी पेन खाली ठेवलं.

“हे माझे नाहीत,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. स्पिरिट, कोरी प्लेट, वैजूची बोटं.

फातिमानं निवेदनाचा कागद बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही माझं जर्नल फाडलं होतंत. मैत्रिणीच्या प्लेटवरून वसाहतीचं चित्र काढलं म्हणून.”

“हो. आठवतंय.”

“नाही, राग नाही. नुसतं आठवलं.”

गाडीत बसल्यावर मैत्रेयीनं तोंड उघडलं. “भूगोलाच्या वहीत दुसरीचं बघून लिहिलं म्हणून तू मला दोन तास दाराबाहेर उभं केलं होतंस, आई. पाचवीत होते मी. आणि तीन महिने आम्ही त्या कुपीची वाट बघत होतो. तीन महिने तू ऐकत होतीस. आधी का नाही बोललीस?”

“मला वाटलं, सापडणारच नाही. मग बोलायची वेळच येणार नाही.”

“आता इरूला काय सांगू?”

घरी इरू आरशासमोर उभी राहून कानांमागे वेण्या कुठून सुरू होतील ते बघत होती. मैत्रेयीनं तिला सांगितलं. ती रडली नाही, मुकाट्यानं टोपी घालून बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

केंद्राचा नियम असा की कुपी ज्याच्या हाताची, तिच्यावर हक्क त्याच्या घराण्याचा. वैजूच्या घरी एखादं कोरडीचं पोर असेल तर त्याला तरी ती मिळायला हवी होती. कॉलेजच्या जुन्या नोंदीतून तिच्या माहेरचा पत्ता, माहेरच्यांकडून गावातलंच सासर, असा माग काढत मी आठ दिवसांनी गडहिंग्लजला पोचले. एकटीच.

वैजयंताची बेकरी होती. फळीवर पावाच्या आंबवणाच्या बरण्या रांगेनं मांडलेल्या आणि प्रत्येक बरणीवर तारीख, वार, कितवी पिढी, सगळं लिहिलेलं, अगदी हर्डीकर मॅडमनी शिकवलं तसं. बरण्यांमागे एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई पिठाच्या हातांनी उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“शरे?”

“हो.”

“लग्नाला बोलिवलं व्हतं. आत्ता आलीस व्हय?”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिनं पिठासकट मला मिठी मारली. चाळीस वर्षांत काय काय झालं ते विचारायच्या आत तिनं मला गरम पाव आणि चहा दिला. तिचा नवरा साथीत गेला होता. दोन मुलगे, तीन नातवंडं. “न्हाई, कोरडी कुनाला न्हाई. द्येवाची किरपा. तुझ्याकडं?”

मी सगळं सांगितलं. कुपी माझ्या नावाची पण तिच्या हाताची आहे, हक्क तिचा आहे, हेही सांगितलं. वैजू पहिल्यांदा पोट धरून हसली. “मॅडमनी माझा हात तुझा म्हणून समद्यास्नी दाखिवला, आठवतंय?” मग हसता हसता थांबली.

“शरे, त्या दिवशी सकाळी मी काय केलतं?”

“काय केलंस?”

“तुझी येणी घातली व्हती. रोजच घालत व्हतो की मी. वाटीभर त्याल लावून. सांगलीची हुशार पोरगी, हिला सोताची येणी येत नव्हती.” तिनं आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. “आनि मॅडमनी सांगितलं व्हतं, हात धू नगा. मी न्हाई धुतले बाई. फडक्यालाबी पुसले न्हाईत. तुझ्या डोक्याचं त्याल तसंच बोटांवर घिऊन लॅबात आलो.”

मी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं मी मुलांना शिकवत आले होते की एकाच्या अंगावरचे जंतू स्पर्शानं दुसऱ्याच्या हातावर जातात. तेल असलं तर तेलाबरोबर जास्तच जातात. पहिल्या वर्षाचा पहिला धडा. आणि हे मला एका बेकरीवालीनं सांगावं लागलं.

“पण सिद्ध कसं करणार?” मी म्हणाले. “तुलनेला माझं जुनं काही तरी हवं. मेलेलं चालेल, पण त्या वेळचं.”

वैजू उठून आत गेली. पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लाकडी फणी होती. फणीवर टाचणीनं कोरलेलं होतं, श. ख.

“हॉस्टेल सोडताना माझ्या सामानात आली. लग्नात दिऊ म्हनलं, तर तू आलीच न्हाईस. मग ठिवून दिली.”

“ही फणी? वैजू, ही तर…”

“उवांची. सांग की सगळ्यास्नी. स्पिरिटनं हात पुसनाऱ्या बाईच्या डोक्यात उवा व्हत्या म्हनून.” तिनं पिशवी माझ्या हातात ठेवली. “तुझ्याबिगर कुनाच्या डोक्यात फिरली न्हाई ही. मला कुठं व्हत्या उवा?”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. बेकरी सुनेवर सोपवून, नव्या आंबवणाची एक बरणी मांडीवर घेऊन. “ह्याला एकटं ठिवता येत न्हाई,” म्हणाली.

फणीच्या दातांत त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा मळ होता. मेलेल्या जंतूंचे अवशेष त्यातून निघाले आणि यंत्रानं त्यांचं वाण वाचलं. आता कुपीतली सरमिसळ वेगळी करायची होती. हे काम हल्ली यंत्रच करतं, पण फातिमा म्हणाली, “तुम्ही दोघी करता का?” आणि बर्नर पेटवून तारेची कडी माझ्या हातात दिली. पहिल्या वर्षाचाच प्रयोग. प्लेटच्या एका कोपऱ्यात थेंब घासायचा, कडी तापवायची, त्यातून थोडंसं दुसऱ्या कोपऱ्यात ओढायचं, पुन्हा तापवायची. शेवटच्या कोपऱ्यात जंतू इतके विरळ होतात की एकेकाची स्वतंत्र वसाहत उगवते. तीन कोपरे मी ओढले. चौथा कोपरा वैजूनं ओढला.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर दोन प्रकारचे ठिपके होते. मोठे, पिवळसर, बरेच. आणि बारीक, पांढरे, मोजून अकरा. फातिमानं एकेक वाचायला घेतला. मैत्रेयी माझ्या शेजारी उभी होती. केंद्रातल्या त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. पिवळे वाचून झाले, एकही जुळला नाही. पहिला पांढरा यंत्रात गेला तेव्हा तिनं माझा हात धरला आणि इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

“फणीशी जुळतो,” फातिमा म्हणाली. “मॅडम, हे तुमचे आहेत.”

मैत्रेयीनं माझा हात सोडला नाही. वैजू डोळे पुसत म्हणत होती, “अकराच? एवढं त्याल लावलं व्हतं की!”

निवेदन नव्यानं लिहायचं होतं. फातिमानं मजकूर मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं, हात वैजयंता पोवारचा, डोकं शर्वरी खटावकरचं. खाली दोघींनी सह्या केल्या. तिनं आजही माहेरचंच आडनाव लिहिलं, कॉलेजात लिहायची तसं.

रुजवणीला पाच महिने लागले. पहिले दोन काहीच दिसलं नाही आणि आम्ही एकमेकींकडे बघणं टाळत होतो. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी खवल्यांच्या कडा सुटल्या आणि खाली गुलाबी, मऊ, शाबूत कातडी होती. पाचव्या महिन्यात फातिमा म्हणाली, “आता हिचं शरीर आपलं-परकं ओळखायला लागलंय. आता कुणीही हिला हात लावा.” त्यानंतर आम्ही केस वाढू दिले. इरू रोज पट्टीनं मोजायची.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत वैजू आली. इरूचे केस जेमतेम खांद्याला टेकत होते. लाल रिबिनी घेऊन ती ओसरीवर पाठमोरी बसली आणि म्हणाली, “वैजूआजी, दोन. घट्ट घाल.”

वैजू नुकतीच स्वयंपाकघरातून आली होती, बोटांना पीठ, पावाच्या आंबवणाचा वास. मी वाटीत तेल घेऊन आले. हर्डीकर मॅडम असत्या तर चष्म्यावरून बघत कोपऱ्यात उभ्या राहिल्या असत्या, असं मला वाटून गेलं, आणि त्यांची फार आठवण आली.

“थांब गं, हात धुऊन येतो,” वैजू म्हणाली आणि मोरीकडे निघाली.

“नको,” मी म्हणाले. “आज हात धुवायचे नाहीत. मॅडमनी सांगितलंय.”